जवळ्याच्या रस्त्यावर इंजिन बंद

तुमच्या बाबांनी तुम्हाला काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे. आजी या वयात मोटरसायकलवाल्यांबरोबर फिरते, गावाशी भांडते आणि कुत्री पाळते. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण अशा एका दमात सांगितल्या की वेडेपणा वाटतो, म्हणून मी क्रमाने लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, मलाही. माझी शाळा-कॉलेजं इंग्रजीत झाली आणि बेरीज-वजाबाकी मी आजही मनात इंग्रजीतच करते. पण ही भांडणं मराठीत झाली आहेत, ती मराठीतच वाचा. अडलं तर बाबांना विचारा. त्यांनाही थोडी शिक्षा होऊ दे.

शेड तुम्ही पाहिलेली आहे, पण तेव्हा तिच्यात आजोबांची फवारणीची पिंपं आणि चिकूचे रिकामे क्रेट होते. वाडीच्या समुद्राकडच्या टोकाला, बोर्डीच्या अलीकडे जो सुरूच्या झाडांचा पट्टा लागतो त्याला लागून. आजोबा गेल्यानंतरच्या वर्षी कुणा पर्यटकाच्या गाडीखाली आलेली एक कुत्री मी तिथे आणून ठेवली. ती बरी झाली आणि गेली नाही. मग लोकांना कळलं की वाडीवाल्या बाईकडे जागा आहे. माझ्याकडे वही आहे, तीत प्रत्येक जनावराची नोंद आहे: कधी आलं, कुठून आलं, काय झालं होतं, डॉक्टर कधी येऊन गेले. ज्या जानेवारीबद्दल मी लिहिते आहे तेव्हा शेडमध्ये अकरा कुत्री होती, एक आंधळी गाय होती आणि एक बैल.

बैलाचं नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

तलासरीच्या पूर्वेला डोंगराकडच्या एका पाड्यावरच्या शेतकऱ्याचा तो बैल. दिवाळीच्या सुमाराला भात कापून झालं होतं आणि गुरं मोकळी सोडली होती. तिकडे तशीच पद्धत आहे, पीक घरी आलं की कुंपणं निघतात आणि गुरं वाटेल तिथे चरतात. हा चरत चरत अच्छाडपर्यंत गेला आणि हायवेवर एका ट्रेलरने त्याला उडवला. मागचा पाय मोडला. ढाब्यासमोर तो दिवसभर पडून होता. गुरांचा एक व्यापारी येऊन भाव सांगून गेला. शेतकरी नाही म्हणाला आणि कुणाचा तरी टेम्पो मागून त्याला माझ्याकडे घेऊन आला. चाळीसेक किलोमीटर तो मागे बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

“बाई, ही जोडी आहे,” तो मला म्हणाला. “दुसरा घरी आहे. हा नसला तर तो नुसता उभा राहतो. नांगर कशाने ओढू?”

डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं, उन्हाळ्यापर्यंत हलवायचं नाही. हलवलं तर पाय गेला.

आणि डिसेंबरात ग्रामपंचायतीत अर्ज गेला की माझी शेड हटवावी.

अर्ज कुणी केला ते गुपित नव्हतं. वाडीच्या शेजारी ज्याने चार खोल्यांचा होमस्टे बांधला आहे, त्याने. लहानपणी माझ्या झाडांवरचे चिकू चोरायचा, आता गेटवर ‘शांत, निसर्गरम्य’ अशी पाटी लावतो. तो स्वतः सांगायला आला, एवढं मात्र त्याचं कौतुक.

“काकी, राग मानू नका. गेस्ट विचारतात, हा वास कसला? पहाटे कुत्री भुंकतात. मी एकटा नाही म्हणत, सगळा गाव म्हणतोय.”

“सगळा म्हणजे कोण?”

“मांगेलआळीने तर अख्ख्या आळीने सह्या दिल्यात. त्यांचे बोंबील पळवतात तुमची कुत्री.”

“माझी कुत्री शेडमध्ये असतात.”

“काकी, आता कुठलं कुत्रं कुणाचं, हे काय त्यांच्या कपाळावर लिहिलंय?”

विषय सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत येणार होता. ठराव झाला असता तर महिन्याभरात शेड रिकामी. बैल तेव्हा उभाही राहत नव्हता. तो त्या व्यापाऱ्याकडेच गेला असता, दुसरं काही नाही. मी अर्जाची नक्कल मागून घेतली आणि सगळ्या सह्या वाचून काढल्या, अंगठ्यांसकट.

तुमच्या बाबांचा फोन आला. “आई, कशाला? गावाशी वाकडं घेऊन या वयात कुणाला काय सिद्ध करून दाखवायचंय तुला?”

“सिद्ध नाही करायचं,” मी म्हटलं. “फक्त दाखवायचंय.”

काय दाखवायचं ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. ते डहाणू रोडला कळलं. तिथे स्टेशनच्या पलीकडे एक मुलगी वडिलांचं गॅरेज चालवते, माझी स्कूटर तिच्याकडेच असते. तिशीची आहे, हात कोपरापर्यंत काळे आणि बोलणं त्याहून रोखठोक. मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. ती पान्याने नट आवळत ऐकत होती.

“आज्जी, आमचा ग्रुप आहे. दर रविवारी चाळीस गाड्या कुठेतरी जातात, वडा खातात, फोटो काढतात, परत येतात. उगाचच. तर तुमच्यासाठी जाऊ.”

“जाऊन करणार काय?”

“ते तुम्ही सांगा. तुम्हाला सगळं हिशेबात बसवायची सवय आहे.”

आणि मला सुचलं. शेडला पेंढा लागत होता. त्या शेतकऱ्याच्या पाड्यावर भात झोडून झालेलं होतं, पेंढ्याच्या उडव्या घराघरापुढे उभ्या होत्या आणि तो कितीदा म्हणाला होता, बाई पेंढा न्या, पण आणायचा कसा? मी ठरवलं, वर्गणी नाही, टी-शर्ट नाहीत, बॅनर नाही. भाग घेणाऱ्याने मागची सीट रिकामी ठेवायची आणि एक दोरी आणायची. अच्छाडच्या त्या ढाब्यापासून निघायचं, जिथे बैल पडला होता. पाड्यावर प्रत्येकाने पेंढ्याचा एक भारा बांधायचा आणि तो शेडपर्यंत आणायचा. चाळीस भारे. गावाला दिसलं पाहिजे की ही शेड म्हणजे एका म्हातारीचा छंद नाही. चाळीस माणसं तिच्यासाठी रविवार मोडतात.

पोलीस ठाण्यात मी दोन पानी अर्ज घेऊन गेले, इंग्रजीत, मुद्द्यांना क्रमांक घालून. हवालदारांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला.

“मॅडम, लई भारी लिहिलंय. आता मराठीत चार ओळी द्या. रॅलीत घोषणा देणार?”

“नाही.”

“झेंडे?”

“नाही.”

“मग रॅली कसली?”

“पेंढ्याची.”

त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा उचललं. “आणि तुम्ही गाडी चालवणार?”

“मागे बसणार. हेल्मेट घालून.”

“तेवढं लिहा,” ते म्हणाले. “हेल्मेटचं नक्की लिहा.”

मी वेळापत्रक केलं. सहा पन्नासला अच्छाड, चहा. साडेसातला पाडा. साडेनऊला निघणं, तलासरीवरून आतल्या रस्त्याने खाली. पावणेअकराला बोर्डी. अकरा दहाला मांगेलआळी. साडेअकराला शेड.

गॅरेजवालीने कागद पाहिला. “आज्जी, आळीत कशाला शिरायचं? मेन रोडने सरळ शेडवर जाऊ ना.”

“आळीतूनच जायचं,” मी म्हटलं. “सह्या त्यांनी केल्यात. त्यांच्याच दारावरून जाणार.”

हे मी मुद्दाम ठरवलं होतं, ते तुमच्यापासून लपवणार नाही.

सभेआधीच्या त्या रविवारी थंडी होती. ढाब्यावर ट्रकवाले कांबळी पांघरून चहा पीत होते आणि एकेक गाडी येऊन लागत होती. डहाणूचे होते, पालघरचे होते, चार-पाच वापीहून आलेले, ते आपसात गुजरातीत बोलत. चामड्याची जॅकेटं, गुडघ्यांना ढाली. एका ट्रकवाल्याने विचारलं, “आजी, या सगळ्यांना पकडून कुठे नेताय?” मी म्हटलं, “गवत आणायला.” त्याला वाटलं मी चेष्टा करते आहे.

पाड्यावर शेतकऱ्याने आणि त्याच्या बायकोने पेंढ्याचे भारे आधीच करून ठेवले होते. सीटवर बांधायचं तेवढं बाकी होतं, आणि तिथेच वेळ गेला. जॅकेटवाल्यांना गाठच मारता येईना. शेतकरी एकेक गाडीपाशी जाऊन हाताने ओढून बघायचा आणि भारा सुटायचा.

“ही गाठ आहे का? बुटाची नाडी बांधलीस. सोड. परत बांध.”

“काका, टाइट आहे हो.”

“टाइट आहे तर हातात कशी आली?”

त्याच्या बायकोला हसू आवरेना. शेवटी त्याने चाळीसच्या चाळीस भारे स्वतः बांधले. निघालो तेव्हा मागे वळून पाहिलं तर गाड्या दिसत नव्हत्या, नुसते पेंढ्याचे ढीग रस्त्याने पळत होते. मी सगळ्यात पुढे, गॅरेजवालीच्या मागे, तिचा पट्टा घट्ट धरून. लोक दारात येऊन बघत होते. मला वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं आणि खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं. आमचा भारा पुढे टाकीवर होता, त्यातल्या काड्या माझ्या गालाला लागत होत्या. मागे रस्ताभर काड्या सांडत येत होत्या, याकडे मी लक्ष दिलं नाही.

तरी बोर्डीला पोचलो तेव्हा आम्ही वेळेच्या पाच मिनिटं आधी होतो. ठरल्याप्रमाणे मेन रोड सोडून आळीकडे वळलो.

आता माझी चूक ऐका. पंचेचाळीस वर्षं मी त्या आळीपासून चालत दहा मिनिटांवर राहते. दर वर्षी पावसाआधी मी पाच किलो सुका जवळा भरून ठेवते. तो जवळा, ती करंगळीच्या नखाएवढी कोळंबी, कुठे वाळवतात, कधी पसरतात, हे मी एकदाही पाहिलेलं नव्हतं. मी बाजारात जाते, तोपर्यंत तो टोपलीत असतो. बोंबील बांबूंच्या वलांड्यांवर टांगतात हे माहीत होतं, ते दुरूनही दिसतं. पण जवळा जमिनीवर पसरतात. सकाळी आळीतला सिमेंटचा रस्ता बायका झाडून धुऊन काढतात आणि उन्हं चढली की त्यावर जवळा अंथरतात. दहा ते दोन तो रस्ता रस्ता नसतो. माझ्या कागदावर त्याची वेळ अकरा दहा लिहिलेली होती.

आम्ही वळलो आणि रस्ता गुलाबी होता. गॅरेजवालीने करकचून ब्रेक मारला, तरी आमचं पुढचं चाक जवळ्यात गेलं. मागच्या दोन गाड्याही. आणि गाड्या अशा थांबल्या की भारे हलले, वाऱ्याचा एक झोत आला आणि पेंढ्याच्या काड्या भुरूभुरू त्या गुलाबीवर जाऊन पडल्या.

“बंद! बंद कर इंजिन!”

हातात खराटा घेतलेली एक म्हातारी बाई रस्त्याच्या मधोमध उभी होती. माझ्याच वयाची असेल. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कानात जाड सोन्याची फुलं. तिच्याकडूनच मी जवळा घ्यायची. तिच्या मागे बघता बघता पंधरा-वीस बायका जमल्या.

गाड्या एकेक करून गप्प झाल्या. मी हेल्मेट काढलं.

“अगो ही तर चिकूवाली,” ती म्हणाली. “ही मिरवणूक तुझी?”

“माझी.”

“गेल्या वर्षी माझा जवळा परत आणून दिलास. रेती लागते म्हणालीस. दोन दाणे रेती. आठवतं?”

“आठवतं.”

“मग हे काय आहे?” तिने खराट्याने काड्या दाखवल्या. “हे कोण परत घेणार?”

मागून कुणीतरी ओरडली, “मावशी, जवळ्यात गवत पडलंय, आता हिच्या बैलालाच खायला घाला!” सगळ्या हसल्या, पण चांगलं हसणं नव्हतं ते.

मी म्हटलं, जेवढा खराब झाला तेवढा मी विकत घेते. ते बोलताच मला कळलं, हे बोलायचं नव्हतं.

“पैसा नको दाखवू,” ती म्हणाली. “काड्या वेच.”

मी चष्मा लावला आणि खाली बसले. गुडघे कुरकुरले, पण बसले. गॅरेजवाली बसली. मग त्या दोन गाड्यांवरचे बसले, आणि मागचे चार-पाच जण येऊन बसले, हातमोजे काढून. ओल्या जवळ्यातून काडी वेचणं किती चिवट काम आहे ते तुम्हाला सांगून कळणार नाही. काडीला दहा जवळे चिकटून येतात.

ती माझ्या डोक्यावर उभी राहून बघत होती. जरा वेळाने म्हणाली, “तुझ्या शेडच्या कागदावर माझी सही आहे.”

“माहीत आहे. तिसऱ्या पानावर, वरून पाचवी.”

“मग माझ्याच दारातून मिरवत आलीस?”

“म्हणूनच आले.”

मी वर पाहिलं नाही, पण बोलायचं ते बोलून टाकलं. “रस्त्याचं माझं चुकलं. शेडचं नाही चुकलं. शेड मी हलवणार नाही.”

“जीभ बघा हिची,” ती मागच्या बायकांना म्हणाली. “खाली बसली तरी.” आणि ती हसली. या वेळी खरं.

मग तिने सूत्रं हातात घेतली, माझं वेळापत्रक गेलं. मागे वळायला जागा नव्हती, चाळीस गाड्या गल्लीत एकामागे एक अडकलेल्या. पुढे जायचं तर जवळ्यातून, आणि वाऱ्याने काड्या उडणार. तिने बायकांना ओरडून सांगितलं आणि त्या घराघरांतून जुनी जाळी घेऊन आल्या. फाटलेली, ठिगळं लावलेली, वासाची. एकेका भाऱ्याला त्यांनी जाळं गुंडाळलं आणि कमरेच्या जोराने असं आवळलं की पाड्यावरच्या त्या शेतकऱ्यानेही मान डोलावली असती. एक काडी बाहेर येईना. दुसऱ्या बायकांनी खराट्याने जवळा दोन्ही बाजूंना ओढून चाकाच्या रुंदीची वाट केली.

“इंजिन चालू करायचं नाही. धूर माझ्या जवळ्याला लागेल. ढकलत न्या. एकामागे एक. चाक वाटेबाहेर गेलं तर मी आहे आणि हा खराटा आहे.”

आळीच्या या टोकापासून त्या टोकाच्या देवळापर्यंत किती अंतर असेल? एरवी दोन मिनिटं. पण पेंढा आणि जाळं लादलेली ती जड बुलेट, अंगात चामडं आणि डोक्यावर अकराचं ऊन. दोन्ही बाजूंना बायका उभ्या.

“ए हिरो, जॅकेट काढ, शिजशील!”

“एवढी मोठी गाडी घेतली नि ढकलता येईना होय रे?”

“आमची होडी ढकलायला ये उद्या, मग पाय सरळ होतील!”

एकीने होडी किनाऱ्यावर ओढताना घालतात तसा पुकारा सुरू केला आणि बाकीच्या साथ देऊ लागल्या. वापीच्या त्या मुलांना मराठी फारसं कळत नव्हतं, पण पुकाऱ्यावर पाय पडू लागले. मी बाजूने चालत निघाले, तर म्हातारीने मला खराट्याच्या दांड्याने अडवलं.

“तू कुठे? तुझी मिरवणूक ना? ढकल.”

मी ढकललं. गॅरेजवालीने हँडल धरलं होतं, मी मागून सीटला दोन्ही हात लावले. माझ्या जोराने ती गाडी किती हलली असेल हा प्रश्न बाबांना विचारू देऊ नका. हात माझे होते आणि गाडी पुढे जात होती.

तासाभराने शेवटची गाडी देवळापाशी आली. जवळा वाटेच्या दोन्ही बाजूंना तसाच होता. साडेअकराच्या ऐवजी आम्ही एक वाजता शेडवर पोचलो.

जाळी परत न्यायची होती, म्हणून आमच्याबरोबर त्याही आल्या. म्हातारी आणि तिच्याबरोबर सहा-सात जणी. नाहीतर त्या माझ्या शेडमध्ये कधीच आल्या नसत्या. भारे उतरत होते, मी मोजत होते, आणि तेवढ्यात म्हातारीचा आवाज आला.

“हा इथे आहे होय! मेल्या!”

ती कुत्र्यांच्या कुंपणापाशी उभी होती. आत एक पिवळा, कान फाटलेला कुत्रा होता. तो तिला बघून कोपऱ्यात गेला आणि शेपूट खाली घालून बसला.

“दोन वर्षं याने माझी वलांडी नासवली. गेल्या पावसाळ्यापासून दिसला नाही, मी म्हटलं मेला. हा इथे जेवतोय!”

मी वही आणली. जुलैत आला होता, किनाऱ्यावर, जबड्यात गळ अडकलेला. मी तारीख वाचून दाखवली. तिने त्या पिवळ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग गाय पाहिली. मग बैलापाशी गेली. तो पडलेला होता, पाय प्लास्टरमध्ये, समोर पहिला भारा सोडून टाकलेला. त्यांनी जाळी गोळा केली आणि गेल्या सगळ्या.

सव्वीस जानेवारीला मी सात मुद्दे लिहून नेले होते. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली, सभा सुरू झाली. होमस्टेवाल्याने अर्ज वाचला, चांगला वाचला. दुर्गंधी, उपद्रव, पर्यटनाचं नुकसान. “विशेषतः आपल्या मच्छीमार भगिनींना होणारा त्रास,” तो म्हणाला आणि बायकांच्या बाजूकडे वळून पाहिलं.

म्हातारी उठली. “ए, भगिनी मी आहे. मी बोलते. सही मी केली होती, ती खरी. बोंबील चोरायचा तो पिवळा होता, तोही खरा. पण तो चोर आता हिच्याकडे कोंडलेला आहे. माझी वलांडी सहा महिने सुखात आहे. शेड पाडलीस तर तो कुठे येणार? सरळ माझ्या दारात. का तुझ्या खोलीत ठेवतोस, गेस्ट म्हणून?”

सभा हसली. होमस्टेवाला म्हणाला, “काकी, वासाचं काय पण?”

“वास?” ती म्हणाली. “सुक्या मासळीच्या गावात राहतोस नि वासाचं विचारतोस?”

माझ्या सात मुद्द्यांतले दोनच बोलायला मिळाले. सगळ्यांचं मत बदललं असं समजू नका. चारपाच जण शेवटपर्यंत विरोधात होते आणि होमस्टेवाला अजून माझ्याशी बोलत नाही. अटी घातल्या गेल्या. कुंपण उंच करायचं, त्याच्या भिंतीपासून शेड पावसाआधी मागे घ्यायची, जवळ्याच्या दिवसांत एकही कुत्रं किनाऱ्यावर सोडायचं नाही. मान्य केलं. पण मी म्हटलं, ठरावात ‘शेड राहील’ हे शब्द स्पष्ट लिहा. ग्रामसेवकांनी ‘तूर्तास हरकत नाही’ असं लिहिलं होतं. मी तूर्तास खोडायला लावलं. त्यांना घरी जायचं होतं, पण मी उठले नाही.

उठता उठता म्हातारीने मला कोपरखळी मारली. “एक जाळं तुझ्याकडे राहिलंय.”

“उद्या पाठवते.”

“राहू दे. फाटकंच आहे. पण चिकूवालीने माझं जाळं ठेवून घेतलं, असं मी सांगणार सगळ्यांना.”

ती सांगते आहे. बाजारात मला तीन जणींनी विचारलं.

ते जाळं मी शेडमध्ये आढ्याला टांगलं आहे आणि त्यात पेंढा भरते. पूर्वी तो खाली टाकला की अर्धा तुडवला जायचा. आता बैल मान वर करून जाळ्याच्या भोकांतून एकेक काडी ओढतो आणि वाया काही जात नाही. शेतकरी दर आठवड्याला येतो, प्लास्टर निघालं त्या दिवशीही आला होता. परवा तो दुसऱ्या बैलालाही टेम्पोत घालून घेऊन आला, म्हणाला, जोडीदाराला बघितलं की हा उठेल.

सोबत दोघांचा फोटो आहे, गॅरेजवालीने काढला. डावीकडचा तो आमचा. अजून तो मागच्या पायावर पूर्ण भार देत नाही, आणि नांगराला लागेल की नाही ते डॉक्टर आताच सांगत नाहीत. पण तो जाळ्यापाशी उभा आहे. बाबांना फोटो मोठा करून दाखवा आणि चारी पाय मोजायला सांगा.